एमडीएफ कॉपी करून डेटाबेस हलवू नका, बॅकअप घ्या आणि रिस्टोअर करा

ताई, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. मला जे कळलं ते आधी सांगतो, काही चुकलं असेल तर सांगा. तुमचं कृषी सेवा केंद्र आहे, बाहेर दोन काउंटर आणि आतल्या खोलीत विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर, त्यावर बिलिंगचा सगळा डेटा, एसक्यूएल सर्व्हर २०१२ एक्स्प्रेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, एक्स्प्रेस ही त्याची फुकट आवृत्ती), साधारण ६ जीबी, आणि त्यात बारा वर्षांची शेतकऱ्यांची उधारी. आता नवा विंडोज ११ चा कॉम्प्युटर आणलाय. भाच्याने जुन्यावरून डेटाची फाईल कॉपी करायला घेतली तर 'फाईल वापरात आहे' असं आलं, मग त्याने टास्क मॅनेजरमध्ये जाऊन एसक्यूएलची प्रोसेस एंड टास्क केली, एमडीएफ, म्हणजे डेटाची मुख्य फाईल, पेनड्राइव्हवर घेतली आणि नव्या कॉम्प्युटरवर अटॅच करायला, म्हणजे तिथल्या एसक्यूएलला जोडायला, गेला, तर 'लॉग परत बनवता येत नाही कारण बंद होताना ट्रान्झॅक्शन चालू होते' अशा अर्थाचा एरर आला. सॉफ्टवेअरवाले फोन उचलत नाहीत. डेटा गेला का, असं तुम्ही विचारताय.

गेला नाही. जवळजवळ खात्रीने सांगतो, जुन्या कॉम्प्युटरवर तो जसाच्या तसा आहे. आत्ता एकच करा, जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस परत चालू करा, पाच मिनिटं थांबा आणि बिलिंग उघडून शेवटचं बिल दिसतंय का बघा. आणि कृपा करून तो जुना कॉम्प्युटर कुणाला देऊ नका, फॉरमॅट करू नका, त्यातली एकही फाईल डिलीट करू नका. बाकी सगळं सावकाश करता येतं.

आता एरर का आला ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. तुम्ही दुकानाचे हिशोब बघता म्हणजे कीर्द आणि खतावणी तुम्हाला सांगायला नको. दिवसभराचा व्यवहार आधी कीर्दीत जातो, जसा घडला तसा, ओळीने. मग तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतो. एसक्यूएल सर्व्हर अगदी असंच काम करतं. एलडीएफ ही लॉग फाईल म्हणजे कीर्द आणि एमडीएफ म्हणजे खतावणी. तुम्ही बिल सेव्ह केलं की ते आधी एलडीएफमध्ये लिहिलं जातं, ते डिस्कवर पक्कं झालं की मगच सेव्ह झालं म्हणून सांगितलं जातं, आणि एमडीएफमधली पानं, ८ केबीचं एकेक पान असतं, ती आधी मेमरीत बदलतात आणि थोड्या वेळाने सवडीने डिस्कवर उतरतात. मधेच प्रोसेस मारली तर खतावणी अर्धवट चढलेली असते. काही बिलं चढलेली, काही नाही, आणि एखादं अर्धंच. जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हिस परत चालू केली की ती कीर्द वाचते, राहिलेलं चढवते, अर्धवट असलेलं काढून टाकते, म्हणून तिथे डेटा नीट दिसेल. पण भाच्याने फक्त खतावणी उचलून आणली, कीर्द तिथेच राहिली. नवा कॉम्प्युटर म्हणतोय की या खतावणीत काय चढायचं राहिलंय ते मला कळायला मार्ग नाही. बरोबरच म्हणतोय तो.

दोन्ही फाईल नीट डिटॅच (एसक्यूएलपासून सुट्या) करून आणल्या असत्या तर अटॅच झालं असतं, ती पद्धत चुकीची नाही. तरी मी ती वापरत नाही. २०१२ ची फाईल २०२२ ला अटॅच केली की ती फाईलच आतून २०२२ ची होऊन जाते, परत २०१२ मध्ये ती उघडत नाही, म्हणजे जुन्यावर मूळ फाईल राखून ठेवली नसेल तर तुमच्याकडे एकच प्रत असेल आणि काही बिनसलं तर मागे यायला रस्ता नाही. बॅकअप घेतला तर मूळ डेटाबेस हलतच नाही, आपण त्याची प्रत घेऊन जातो. शिवाय बॅकअप चालू असताना कुणी बिल केलं तरी बिघडत नाही, कारण बॅकअप घेताना जेवढा काळ गेला तेवढ्या काळातली कीर्दही त्याच फाईलमध्ये बांधून येते आणि रिस्टोअर होताना तिथल्या तिथे जुळवून घेतली जाते. ही सोय साध्या कॉपीत नाही.

मी गेली सोळा वर्षं हेच काम करतोय, दुकानं, पतसंस्था, दवाखाने, छोटे कारखाने, आणि माझा एक नियम पक्का झालाय, की खऱ्या दिवसाआधी एकदा रंगीत तालीम करायची. म्हणजे आज बॅकअप घ्यायचा, नव्यावर रिस्टोअर करायचा, सगळं चालवून बघायचं, अडचणी लिहून ठेवायच्या, आणि तोवर दुकान जुन्यावरच चालू द्यायचं. मग एका सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री दुकान बंद झाल्यावर परत ताजा बॅकअप घेऊन तेच सगळं दुसऱ्यांदा करायचं. दुसऱ्यांदा करताना तासाभरात होतं. पेरणीच्या तोंडावर काउंटरला गर्दी असताना पहिल्यांदाच करायला गेलात तर प्रत्येक एरर डोंगराएवढा वाटतो.

कामाला लागू. जुन्या कॉम्प्युटरवर आधी चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या, खरंच कागदावर. एसक्यूएलची नेमकी आवृत्ती (सिलेक्ट ॲट-ॲट-व्हर्जन चालवलं की येते), सर्व्हरचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम), इन्स्टन्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेल्या एसक्यूएलचं, नाव (बहुतेक एसक्यूएलएक्स्प्रेस असेल), आणि बिलिंग सॉफ्टवेअर कुठल्या लॉगिनने जोडतं ते. हे शेवटचं सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाईलमध्ये दिसतं, नोटपॅडमध्ये उघडा. छोट्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा थेट एसए (एसक्यूएलचं सगळे अधिकार असलेलं लॉगिन) हेच लॉगिन असतं.

आवृत्ती का बघायची, तर बॅकअप फक्त पुढे जातो, मागे येत नाही. २०१२ चा बॅकअप २०१७, २०१९, २०२२ कशावरही रिस्टोअर होतो, पण २०१९ चा २०१७ वर कधीच होत नाही, ३१६९ नंबरचा एरर येतो आणि त्याला कुठलीही युक्ती चालत नाही. त्यामुळे आज तुम्ही २०२२ वर गेलात तर परत जुन्या कॉम्प्युटरवर यायचं म्हटलं तरी तो बॅकअप तिथे चालणार नाही, हे लक्षात ठेवा. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे अजून एसक्यूएल २००० असेल तर त्यांनी थेट नव्यावर उडी मारू नये, मधे २००८ वर एकदा रिस्टोअर करून तिथून परत बॅकअप घ्यावा लागतो, कारण २०१२ पासून पुढच्या आवृत्त्या २००० चा बॅकअप घेतच नाहीत.

साइजचं बोलू. २०१२ एक्स्प्रेसला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि २०२२ एक्स्प्रेसलाही तेवढीच. लॉग फाईल त्यात मोजली जात नाही. तुमचं ६ जीबी आहे म्हणजे अजून काही वर्षं अडचण नाही, फुकट एक्स्प्रेसमध्येच राहा, कुणी स्टँडर्डचं लायसन्स गळ्यात मारायला आलं तर आत्ता गरज नाही.

बॅकअपच्या आधी डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस धड आहे का ते तपासणारी कमांड) चालवा. ६ जीबीला जुन्या हार्डडिस्कवर वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात, लागू द्या. शेवटी शून्य ॲलोकेशन एरर आणि शून्य कन्सिस्टन्सी एरर अशी ओळ आली पाहिजे. बारा वर्षांची डिस्क आहे, त्यातून भाच्याने प्रोसेस मारलेली, म्हणून तुमच्या बाबतीत तर हे टाळूच नका. एरर आले तर पुढे जाऊ नका, इथेच थांबा. खराब झालेलं पान बॅकअपमधून तसंच्या तसं खराब पुढे जातं.

आता बॅकअप. एसक्यूएलचं मॅनेजमेंट स्टुडिओ उघडा, डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, बॅकअप, प्रकार फुल. फाईल कुठे ठेवायची इथे नव्वद टक्के लोक पहिल्यांदा अडकतात. माणूस डेस्कटॉप निवडतो आणि 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस डिनाइड' येतो. मग तो स्वतः ॲडमिन आहे म्हणून चक्रावतो. पण बॅकअप तुम्ही घेत नाही हो, एसक्यूएलची सर्व्हिस घेते, आणि ती वेगळ्याच नावाने चालते, एनटी सर्व्हिस खालचं एमएसएसक्यूएल-डॉलर-एसक्यूएलएक्स्प्रेस असं काहीतरी नाव असतं, त्या नावाला तुमच्या डेस्कटॉपवर लिहायची परवानगी नाही. म्हणून एसक्यूएलचा स्वतःचा जो बॅकअप नावाचा फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये असतो तिथेच घ्या, तिथे परवानगी असते, आणि मग तिथून पेनड्राइव्हवर कॉपी करा. काउंटरवरून जोडून बॅकअप घेत असाल तर आणखी एक, 'सी ड्राइव्ह' म्हणजे सर्व्हरच्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह, तुम्ही बसलाय त्याचा नाही. कितीतरी जण काउंटरच्या कॉम्प्युटरवर फाईल शोधत बसतात.

ऑप्शनमध्ये दोन गोष्टी. चेकसमवर टिक करा, म्हणजे वाचताना प्रत्येक पान तपासलं जाईल. आणि 'ओव्हरराइट' निवडा, 'अपेंड' नको. किंवा त्याहून सोपं, फाईलला नवंच नाव द्या, तारखेसकट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला हे फार महागात पडलंय. एका किराणा होलसेलरकडे रोजचा बॅकअप चालू होता, फाईल एकच, रोज त्याच फाईलमध्ये भर पडत होती, चारशेच्या वर बॅकअप एकाच बीएके (म्हणजे बॅकअपच्या) फाईलमध्ये. डिस्क गेली, मी कमांड लिहून रिस्टोअर केलं, सगळं हिरवं, यशस्वी. मालकांनी उघडलं आणि म्हणाले ही बिलं तर गेल्या वर्षीची आहेत. कमांडमध्ये कितव्या नंबरचा बॅकअप हे सांगितलं नाही तर एसक्यूएल पहिला घेतं, आणि पहिला म्हणजे सगळ्यात जुना. त्या माणसाचा चेहरा मी विसरलो नाही. दहा मिनिटांनी शेवटच्या नंबरचा बॅकअप रिस्टोअर केला आणि सगळं आलं, पण त्या दहा मिनिटांत ते खुर्चीत बसून राहिले होते, पाण्याचा ग्लास हातात तसाच. तेव्हापासून मी कुठलाही बॅकअप रिस्टोअर करायच्या आधी रिस्टोअर हेडरओन्ली चालवतो. त्या फाईलमध्ये किती बॅकअप आहेत, कुठल्या तारखेचे, कुठल्या आवृत्तीचे, सगळं एका टेबलात दिसतं, डेटाला हात न लावता.

कमांडने बॅकअप घेतला असेल तर, झाल्यावर खाली किती पानं गेली ते येतं. तो आकडा गुणिले ८ केबी केलं की साधारण तुमच्या डेटाची साइज यायला हवी. ६ जीबी म्हणजे पावणेआठ लाखांच्या आसपास पानं. आकडा एकदम कमी दिसला तर चुकीचा डेटाबेस निवडलाय, हे मी होताना बघितलंय, कारण सॉफ्टवेअरवाले दरवर्षीचा किंवा ट्रेनिंगचा वेगळा डेटाबेस सारख्याच नावाने करून ठेवतात.

पेनड्राइव्हचं एक सांगायचं राहिलं. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्स्प्रेसमध्ये बॅकअप कॉम्प्रेस करता येत नाही, म्हणजे तुमची फाईल ६ जीबीच्या जवळपास असेल. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे सर्टयुटिल ही विंडोजची कमांड वापरून फाईलचा हॅश (फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढा, एसएचए२५६, आणि शेवटची सहा-आठ अक्षरं जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे. पेनड्राइव्ह अर्धवट ओढून काढला की फाईल साइजला पूर्ण दिसते आणि आतून तुटलेली असते, हे हॅशवरून लगेच कळतं.

नव्या कॉम्प्युटरवर येऊ. विंडोज ११ वर एसक्यूएल २०१७ किंवा त्यापुढचंच टाका, २०१२ तिथे बसवायचा प्रयत्न करू नका. मी २०२२ एक्स्प्रेस सांगेन. पण एक मोठा खड्डा आहे. नव्या लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये एनव्हीएमई एसएसडी (नव्या वेगवान डिस्क) असतात आणि त्यातल्या काही आपला सेक्टर (डिस्कवर लिहायचा सगळ्यात छोटा तुकडा) ४ केबीपेक्षा मोठा सांगतात, विंडोज ११ ते जसंच्या तसं एसक्यूएलला कळवतं, आणि एसक्यूएलला फक्त ५१२ बाइट आणि ४ केबी एवढेच चालतात. मग इन्स्टॉल शेवटपर्यंत जातं आणि 'डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल' असा काहीतरी एरर देऊन पडतं. माणूस चार वेळा अनइन्स्टॉल करतो, विंडोज परत टाकतो, काही उपयोग होत नाही. इन्स्टॉल करण्याआधीच ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयुटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो आणि ड्राइव्हचं अक्षर देऊन बघा. ॲटॉमिसिटी आणि परफॉर्मन्ससाठीचे जे फिजिकल बाइट्स-पर-सेक्टर लिहिलेले असतात ते ४०९६ किंवा कमी असतील तर निश्चिंत. ८१९२, १६३८४ असं काही दिसलं तर मायक्रोसॉफ्टनेच त्यावर रजिस्ट्रीचा उपाय दिलाय, स्टोरएनव्हीएमई ड्रायव्हरच्या पॅरामीटर्समध्ये डिव्हाइस खाली 'फोर्स्ड फिजिकल सेक्टर साइज इन बाइट्स' नावाची मल्टीस्ट्रिंग, किंमत तारांकन, मग स्पेस, मग ४०९५. हो, ४०९५ च, टायपो नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मग इन्स्टॉल करा.

इन्स्टॉलमध्ये नेक्स्ट-नेक्स्ट करत जाऊ नका, दोन पानांवर थांबा. एक कोलेशन. विंडोजची सिस्टिम लोकेल काय आहे त्यावरून एसक्यूएल आपलं कोलेशन ठरवतं, इंग्लिश युनायटेड स्टेट्स असेल तर एक येतं आणि भारताचं लोकेल असेल तर दुसरंच. जुन्यावर जे लिहून घेतलंत तेच इथे निवडा. वेगळं पडलं तर डेटाबेस रिस्टोअर होतो, बिलंही होतात, आणि मग महिनाअखेरीला एखादा रिपोर्ट उघडताना 'कोलेशन कॉन्फ्लिक्ट' येतो, कारण तात्पुरती टेबलं सर्व्हरच्या कोलेशनने बनतात आणि तुमची टेबलं डेटाबेसच्या. नंतर सर्व्हरचं कोलेशन बदलणं म्हणजे जवळजवळ परत इन्स्टॉल करण्यासारखंच. दुसरं पान ऑथेंटिकेशनचं, तिथे मिक्स्ड मोड (विंडोजची आणि एसक्यूएलची, दोन्ही लॉगिन चालतात तो) घ्या आणि एसएचा पासवर्ड द्या, नाहीतर सॉफ्टवेअरचं लॉगिन आत येणारच नाही, १८४५६ नंबरचा एरर येत राहील. इन्स्टन्सचं नाव जुन्यासारखंच ठेवा.

बीएके फाईल पेनड्राइव्हवरून थेट रिस्टोअर करू नका, नव्या एसक्यूएलच्या बॅकअप फोल्डरमध्ये कॉपी करा, कारण तेच परवानगीचं. आधी हेडरओन्ली, वर सांगितलं तसं. मग व्हेरिफायओन्ली, म्हणजे बॅकअप पूर्ण आणि वाचता येण्याजोगा आहे का ते. आणि मग फाइललिस्टओन्ली, हा महत्त्वाचा, कारण बॅकअपमध्ये मूळ फाईल कुठल्या फोल्डरात होत्या ते लिहिलेलं असतं. २०१२ चा फोल्डर एमएसएसक्यूएल११ असा होता, २०२२ चा एमएसएसक्यूएल१६ असतो. एसक्यूएल जुन्याच जागी फाईल ठेवायला जातं, तो फोल्डर नव्यावर नसतो, आणि 'डिरेक्टरी सापडत नाही' असा एरर येतो. कमांडने करत असाल तर विथ मूव्ह वापरून एमडीएफ आणि एलडीएफ दोन्हीची नवी जागा सांगावी लागते, मॅनेजमेंट स्टुडिओमधून करत असाल तर फाइल्स नावाच्या पानावर 'सगळ्या फाईल नव्या फोल्डरात' अशी टिक आहे ती करा.

रिप्लेस नावाचा एक ऑप्शन दिसेल. नव्या कॉम्प्युटरवर त्या नावाचा डेटाबेस नसेल तर त्याची काहीच गरज नाही, म्हणून हात लावू नका. जिथे तिथे रिप्लेस टाकायची सवय लागली की एक दिवस चुकून जुन्याच सर्व्हरला जोडलेलं असतं आणि चालू डेटाबेसवर शिळा बॅकअप बसतो. तसंच रिकव्हरीचा पर्याय विथ रिकव्हरीच ठेवा. चुकून नोरिकव्हरी झालं तर डेटाबेसपुढे 'रिस्टोअरिंग' असं लिहिलेलं दिवसभर राहतं आणि लोक वाट बघत बसतात. ते चालू नसतंच, पुढचा बॅकअप द्याल म्हणून थांबलेलं असतं, नुसतं रिस्टोअर डेटाबेस, नाव, विथ रिकव्हरी एवढं दिलं की क्षणात उघडतो.

कमांडने रिस्टोअर करत असाल तर 'आवृत्ती ७०६ वरून ९५७ कडे' अशा ओळी एकामागून एक येतील, घाबरू नका, ते डेटाबेसचे आतले नंबर आहेत, ७०६ म्हणजे २०१२ आणि ९५७ म्हणजे २०२२. कम्पॅटिबिलिटी लेव्हल मात्र ११० च राहते, म्हणजे जुन्यासारखंच वागायचं असं. ती लगेच १६० करू नका. १२० पासून पुढे क्वेरीचा अंदाज बांधायची पद्धत बदललीय आणि जुन्या सॉफ्टवेअरचे एखाद-दोन रिपोर्ट त्याने अचानक रेंगाळतात. महिनाभर ११० वर चालवा, मग निवांत बघू. स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा पसरलाय याची एसक्यूएलची नोंद) मात्र एकदा अपडेट करून घ्या, आणि चेकडीबी परत एकदा, या बाजूला.

आता बिलिंग उघडलंत आणि लॉगिन होत नाही, असं होऊ शकतं. एसए वापरत असेल तर पासवर्ड जुळवला की झालं. वेगळं लॉगिन असेल तर गोष्ट अशी आहे की लॉगिन एसक्यूएलच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये असतं, तुमच्या डेटाबेसमध्ये फक्त त्याचा युजर असतो, आणि दोघांना जोडणारा धागा नाव नसून एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, एसआयडी. नव्या कॉम्प्युटरवर त्याच नावाचं लॉगिन केलंत तरी क्रमांक वेगळा पडतो, युजर पोरका होतो. अनेक जण इथे डेटाबेसमधला युजरच उडवून नवा करतात, त्याने त्याच्या सगळ्या परवानग्या जातात. तसं नको. ऑल्टर युजर, युजरचं नाव, विथ लॉगिन बरोबर लॉगिनचं नाव, ही एक ओळ चालवा, धागा परत जुळतो.

काउंटरवरून जोडताना अजून एक भिंत लागेल. एक्स्प्रेसमध्ये टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडायचा मार्ग) मुळात बंद असतं, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन चालू करा, आयपी-ऑलमध्ये डायनॅमिक पोर्टचा रकाना रिकामा करून खाली १४३३ लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, विंडोज फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ आणि एसक्यूएल ब्राउझरसाठी यूडीपी १४३४ उघडा. फायरवॉल पूर्ण बंद करून टाकू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. दोनच काउंटर आहेत तर दोन्हीकडच्या कॉन्फिग फाईलमध्ये नव्या कॉम्प्युटरचं नाव टाकणं सगळ्यात सोपं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, आकडे जुळवणं. रिस्टोअर यशस्वी असा मेसेज आला म्हणजे डेटा आला असं मी धरत नाही. जुन्यावर आणि नव्यावर शेजारी शेजारी बसून बघा, शेवटचा बिल नंबर आणि तारीख, एकूण येणे उधारी, शिल्लक मालाची किंमत, बिलांच्या टेबलात एकूण ओळी किती. मग तुमच्या माहितीतले पाच-सहा शेतकरी घ्या, एक अगदी जुना, एक मधला, एक कालचा, त्यांचं खातं पैशा-पैशापर्यंत जुळवा. हे काम तुमचंच, माझ्यासारखा बाहेरचा माणूस करू शकत नाही, कारण अमुक खात्यावर बाकी किती असायला हवी ते तुम्हाला पाठ असतं.

हे करताना शेतकऱ्यांची नावं एकदम विचित्र इंग्रजी अक्षरांत आणि खुणांत दिसली तर डेटा खराब झाला असं समजू नका. आपल्याकडची जुनी सॉफ्टवेअर मराठी नावं युनिकोडमध्ये ठेवत नव्हती, जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असायचं, डेटाबेसमध्ये साधी इंग्रजी अक्षरंच, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी दाखवायचा. एका पतसंस्थेत अडीच हजार सभासदांची नावं अशी दिसली आणि सेक्रेटरी बाई रडायच्या बेतात आल्या होत्या. जुन्या कॉम्प्युटरच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट आणला, नव्यावर बसवला, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, सगळी नावं जागच्या जागी. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर तो फॉन्टचा विषय नाही. बॅकअप-रिस्टोअरने अक्षरांची प्रश्नचिन्हं होत नाहीत, ती जुन्यावरही असणार, तिथे बघून खात्री करा.

खऱ्या दिवशी, म्हणजे दुसऱ्यांदा करताना, शेवटचा बॅकअप घेऊन झाला की लगेच जुन्या डेटाबेसला रीड-ओन्ली करा. हे विसरू नका ताई. एका ठिकाणी आम्ही सगळं नीट हलवलं, पण गोडाऊनमधला एक कॉम्प्युटर जुन्याच सर्व्हरला जोडलेला राहिला, तिथला मुलगा तीन दिवस जुन्यात चलनं करत होता आणि दुकान नव्यात बिलं करत होतं. दोन्हीकडे तेच नंबर, वेगळे व्यवहार. दोन रात्री बसून एकेक चलन हाताने नव्यात चढवलं. रीड-ओन्ली असतं तर पहिल्याच चलनाला एरर आला असता आणि त्या मुलाने फोन केला असता.

नव्यावर स्थिर झालात की रोजच्या बॅकअपचं लावून घ्या. एक्स्प्रेसमध्ये एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, त्यामुळे विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडीने कमांड चालवायची, रोज रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला, फाईलच्या नावात तारीख, आणि ती फाईल त्याच कॉम्प्युटरवर न ठेवता दुसरीकडेही कॉपी. जुन्या कॉम्प्युटरवर असा काही टास्क लावलेला असेल तर तो डेटाबेसबरोबर येत नाही, हेही बघा.

जुना कॉम्प्युटर मात्र या वर्षीचं ऑडिट होईपर्यंत तसाच ठेवा, नेटवर्कची वायर काढून. आज रात्री सर्व्हिस चालू करून चेकडीबी चालवा आणि शेवटच्या दोन ओळी मला लिहून कळवा. मधे कुठेही एरर आला तर नुसतं 'होत नाही' असं लिहू नका, एररचा नंबर आणि पूर्ण मेसेज फोटो काढून पाठवा, त्या नंबरवरूनच नव्वद टक्के उत्तर मिळतं.